आबांनी लिहिलेलं, आबांनी वाचलेलं

जालना
७ जुलै २०२४

चि. सौ. शिवकन्या,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपण बोललो की मी ओरडते आणि तू गप्प बसतेस, आणि तुझं ते गप्प बसणं मला फार लागतं. शेवटी राधेश्यामच म्हणाला, "आक्का, तुम्ही नणंद-भावजया लिहूनच काय ते बोला. माझे कान किटले." भाऊ धाकटा असला तरी कधीमधी त्याचं ऐकावं.

मुद्द्यावर येते. आबांच्या तेरवीला पंगत बसली होती, मी वरण वाढत होते. बद्रीनाथकाका भात कालवता कालवता सहज बोलून गेले, "अप्पारावनं जायच्या आधी सगळ्या रोजनिशा सुनंला सांगून लिहून घेतल्या म्हणं. बराबर केलं." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आबांच्या पोटची मी. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेली मी. आणि ही गोष्ट मला चुलतकाकांच्या तोंडून, तेही पंगतीत कळावी? तिथं हसून वेळ मारून नेली.

आबांचं लिहिणं मी तुझ्याआधीपासून पाहिलेलं आहे. गुरांचं आवरलं की ते ओट्यावर बसून उर्दूत लिहायचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. ते राज्य गेलं, हाताचं वळण गेलं नाही. मराठी पेपर घडाघडा वाचायचे, लिहायचे मात्र उजवीकडून डावीकडे. मी मांडीला रेलून विचारायची, आबा काय लिहिता? ते म्हणायचे, "तुझ्याच कागाळ्या लिहून राह्यलो." तेव्हा त्या लिहिण्यावर कुणाचा हक्क, हे वेगळं सांगायला नको.

आता मी असं ठरवलंय. वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचं. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष भुजंग, तो हसनाबादला आला तिथपासून आजपर्यंतची वंशावळ, गावाची हकिगत, रझाकारांचे दिवस, बहात्तरचा दुष्काळ, मोसंबीच्या बागा कशा आल्या ते सगळं, आणि मधोमध आबांच्या रोजनिशा. वंशावळीत लेकींचीही नावं घालणार आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्या हातच्या वह्या आणि मूळ रोजनिशांची ट्रंक, दोन्ही पाठवून दे.

आणि एक विचारते. आबांनी हे काम मला का नाही सांगितलं? जालना काही परदेशात नाही.

तुझी,
दैवशाला

---

हसनाबाद
२१ जुलै २०२४

ती. आक्का,

पाया पडते. तुमचं पत्र मिळालं. ह्यांनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

आबांनी मला का सांगितलं ते लिहिते. कोरोनानंतरचा उन्हाळा होता. त्यांचा हात थरथरायचा, पेन धरवत नव्हता, पण भिंग लावून वाचता यायचं. मी तूर निवडत बसले होते. आबा ट्रंक उघडून बसले आणि म्हणाले, "माझ्यामागं हे कोण वाचणार? वाळवी खाईल. मी वाचतो, तू आपल्या अक्षरात लिही. माझ्या तोंडातून निघंल ते सगळं लिही, एक शब्द सोडू नको." मी म्हणाले, आबा, आक्का शिकलेल्या, त्यांना बोलवा. तर म्हणाले, "तिला कुठं टाइम हाय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

मी सातवी शिकलेली. आमच्या पोराच्या, हरिओमच्या, शाळेतल्या अर्ध्या कोऱ्या वह्या माळ्यावर पडल्या होत्या, त्या काढल्या. रोज दुपारी जेवणं झाली की आबा वाचायचे, मी लिहायची. दोन वर्षं चाललं. एक शब्द सोडू नको म्हणाले म्हणून मी सोडला नाही. मध्येच "पाणी दे" म्हणाले, लिहिलं. "ती शेळी हाकल" म्हणाले, शेळी हाकलून आले आणि तेही लिहिलं. तुम्हाला हसू येईल.

आता हक्काचं तुम्ही काढलंच आहे तर बोलते. मी या घरात आले त्या दिवसापासून तुमचंच नाव ऐकते. भाकरी केली की दैवशालाची भाकरी पातळ. चिठ्ठी लिहिली की दैवशालाचं अक्षर मोत्याचं. तुम्ही सणाला येणार असल्या की आबा सकाळपासून फाट्याकडच्या रस्त्याला डोळे लावून बसायचे. मी तर रोजचीच समोर, माझ्याकडे कोण कशाला बघेल? पण त्या वह्यांत त्यांनी माझं नाव घेतलंय, आक्का. एकदा नाही, पुष्कळदा. तोंडावर कधी चांगलं म्हणाले नाहीत, ते तिथं म्हणालेत. माझ्याकडे मिरवायला तेवढंच आहे.

हे जालन्याला खत आणायला येणार आहेत, त्यांच्याबरोबर आठही वह्या देते. जपून ठेवा. ट्रंक पाठवत नाही. ती आबांच्या खाटेखाली आहे, राहू द्या. त्यातलं कुणाला वाचता येतं नाहीतरी?

वंशावळीत लेकी घाला, चांगलंच आहे. सुनाही घाला म्हणते मी. वंश काय नुसत्या बहीणभावांवर चालला?

तुमची,
शिवकन्या

---

जालना
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शिवकन्या,

आशीर्वाद. आठही वह्या वाचल्या. दोनदा वाचल्या. पहिल्या वेळी वाटलं, घाईत माझी पानं उलटली गेली असतील.

मी कुठं आहे गं त्यात?

माझा जन्म आहे, एका ओळीत. लग्न आहे, त्यात माझ्यापेक्षा मांडवाचं वर्णन जास्त. मी दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा आबांनी सगळ्या हसनाबादेत पेढे वाटले होते, बद्रीनाथकाकांना विचार. तुझ्या वहीत त्या दिवशी काय आहे? "विहिरीला पाणी लागलं. राम्या बैल लंगडतो." मला नोकरी लागली त्या दिवशी काय? कपाशीवर मावा. माझे यजमान गेले तेव्हा आबा महिनाभर माझ्याकडे राहिले होते. तो महिनाच वहीत नाही.

आणि तू मात्र पानोपानी! "सून केदारखेड्याची आणली, हाताला चव आहे, घर भरल्यासारखं झालं." "सूनबाईनं बाग राखली." आई अंथरुणाला खिळली तेव्हाचं तर काय सांगू. "सूनबाईनं लेकीसारखं केलं." लेकीसारखं! लेक जिवंत होती, शिवकन्या, आणि रजा टाकून आली होती.

आबा असं बोलत नसत. मी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. "हाताला चव आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडी बसतच नाही. त्यांनी कुणाचं कौतुक केलं तर "ठीक हाय" एवढंच.

मी काही आरोप करत नाही. पण वाचणारा एक, लिहिणारी एक, आणि खोलीत तिसरं कुणी नाही. अशा वेळी लिहिणारीच्या हातून आपलं नाव जरा ठळक आणि दुसऱ्याचं जरा पुसट होऊ शकतं. माणूस आहे. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.

ट्रंक पाठव. इथं मुनीर सर आहेत, उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते वाचून देतो म्हणालेत.

आणि ते "शेळी हाकल" वगैरे मी पुस्तकातून काढणार आहे. लोक हसतील.

दैवशाला

---

हसनाबाद
१ सप्टेंबर २०२४

ती. आक्का,

उद्या पोळा. घरात बैल रंगवायची धांदल आहे आणि मी चुलीसमोर बसून तुम्हाला लिहिते आहे, यावरून काय ते समजा.

तुम्ही आरोप करत नाही म्हणता. न केलेला आरोप एवढा लांबलचक मी कधी वाचला नव्हता. हरिओमच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, माझ्या पदरचा एक शब्द त्यात नाही. मला स्वतःचं कौतुक रचता येत असतं, तर लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं कोपऱ्यातलं दोन ओळींचं रचलं असतं का? चांगलं पानभर रचलं असतं.

तुमची पानं मी गाळली नाहीत. तुमची पानं आलीच नाहीत. आबा वाचता वाचता कुठं कुठं थांबायचे. भिंग तसंच धरून बसायचे, ओठ हलायचे, मग पान उलटायचे आणि म्हणायचे, "इथं काही खास न्हाई. पुढं चल." मला वाटायचं डोळे दुखत असतील. मी उठून औषधाचे थेंब घालायची. डोळ्यांत पाणी आलेलं असायचं, ते मी औषधाचंच धरायची.

"हाताला चव आहे" म्हणाले तो दिवस मला आठवतो. मी वहीतून वर बघितलंच नाही, लाज वाटली. अक्षर वाकडं आलंय बघा तिथं. तुम्ही म्हणता ते वाक्य त्यांच्या तोंडी बसत नाही. तुमच्या कानात बसत नसेल. माझ्या कानाने ऐकलंय.

तुम्हाला आबांनी जन्मभर दिलं. मला शेवटच्या दोन वर्षांत, दुपारचं, थोडं थोडं दिलं. तेवढंही तुम्हाला सलतं?

ट्रंक ह्यांच्याबरोबर पाठवते. किल्ली कुलपालाच लावून ठेवली आहे. वाचा कुणाकडून वाचायचं ते. एकदाचं बिलकुल स्वच्छ होऊ द्या.

शिवकन्या

---

जालना
२४ नोव्हेंबर २०२४

सौ. शिवकन्या,

भाऊबीजेला आले नाही. मुनीर सरांना दिवाळीच्या दिवसांत सलग वेळ होता आणि मला ते सोडवत नव्हतं. राधेश्याम नाराज झाला असेल. होऊ दे.

रोज दुपारी सर माझ्या बैठकीत बसतात, वाचतात, आणि मी लिहिते. अर्धी भाषा उर्दू, अर्धी आपली. सर म्हणाले, तुमच्या वडिलांचं अक्षर फार सुरेख आहे. मी म्हणाले, माझंही त्यांच्यावरच गेलंय.

मी आहे, शिवकन्या. पानोपानी मीच आहे. माझा पहिला दात आहे. माझा गोवर आहे, आबा शेतात न जाता उशाशी बसले ते आहे. दहावीच्या निकालाचं ऐक: "दैवशाला केंद्रात पहिली. पेढे वाटले. लोक म्हणाले मुलगीच तर आहे. मी म्हणालो, तुमच्या घरी आहे का अशी?" हे वाचून सर थांबले, मी पदर डोळ्यांना लावला. माझी बोलणीही आहेत. सहावीत गणितात नंबर गेला तेव्हा: "घमेंड नडली. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, मलाच जड गेलं." तेही मला पेढ्याइतकंच गोड लागलं. माझे यजमान गेले तो महिना, जो तुझ्या वहीत नाही, तो अख्खा आहे. त्यातलं तुला सांगणार नाही.

आता तुझं. तू म्हणालीस ना स्वच्छ होऊ द्या? घे.

तुझी वही म्हणते: "सून केदारखेड्याची आणली, हाताला चव आहे, घर भरल्यासारखं झालं." आबांनी लिहिलंय: "सूनबाईनं पहिला स्वयंपाक केला. भाजीत मीठ जास्त. कुणी बोललं नाही. दैवशालाच्या हातच्या वरणाची आठवण झाली."

तुझी वही म्हणते: "सूनबाईनं लेकीसारखं केलं." आबांनी लिहिलंय: "दैवशालाला कळवलं. ती आली. तिला बघून हिनं डोळे उघडले." त्या पानावर तू नाहीस. आईच्या आजारपणाच्या एकाही पानावर तू नाहीस.

"सूनबाईनं बाग राखली"च्या जागी आहे: "बागेला पाणी दिलं." बस. कुणी दिलं तेही नाही.

मी मुद्दाम एकाच पानावर दोन्ही उतरवून पाठवते आहे. सोबत आहे ते बघ. आता तूच सांग, मुनीर सर खोटं वाचतात, की तू खोटं लिहिलंस? सरांना तर शिवकन्या कोण हेही ठाऊक नाही.

पुस्तकात काय छापायचं हा प्रश्न आता उरला नाही.

दैवशाला

---

हसनाबाद
५ जानेवारी २०२५

ती. आक्का,

उत्तराला उशीर झाला. पहिल्यांदा वाटलं, लिहूच नये. मंग वाटलं, न लिहिलं तर तुम्ही म्हणाल, पकडली गेली म्हणून गप्प बसली.

मुनीर सर खोटं वाचत नाहीत. मीही खोटं लिहिलं नाही. मग मध्ये खोटं कोण बोललं ते तुम्हाला कळत नाही का? तुम्ही शिकलेल्या आहात आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

तुमचा कागद घेऊन मी आबांच्या खाटेवर बसले. सगळं एकेक करून आठवलं. वाचताना त्यांचं बोट ओळीवर फिरायचं. विहिरीचं असलं, बैलाचं असलं, दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांचं असलं, की बोट आणि तोंड बरोबरीनं चालायचं. माझं नाव यायच्या आधी बोट थांबायचं. भिंगावरून माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून तयार बसलेली असायची, पेन टेकवून. मंग ते बोलायचे. मला वाटायचं, जुनं अक्षर लागत नसेल.

समोर बसलेल्या बाईला कसं सांगायचं की तुझं नाव इथं नाही, म्हणून त्यांनी घातलं. आणि तुमचं वाचलं असतं तर मला लागलं असतं, म्हणून तुमचं गाळलं. एवढंच झालं, आक्का. म्हातारा माणूस माझ्या तोंडाकडे बघून बोलत होता.

सासूबाईंचं अंथरूण मी आठ महिने काढलं. ते कुणी लिहावं म्हणून काढलं नव्हतं. पण वहीत "लेकीसारखं केलं" असं आलं तेव्हा मी ते पान दुमडून ठेवलं होतं. सारखं उघडायची. आता तुमच्या कागदावर बघितलं, तर तिथं तुम्ही आल्या आणि त्यांनी डोळे उघडले. खरंच आहे. उघडले होते. मी दारातच उभी होते.

मिठाचंही खरं आहे. जास्त पडलं होतं. मला वाटलं होतं कुणाला कळलं नाही.

तुम्ही जिंकल्या. तुमच्या मनात होतं तेच निघालं. पुस्तकात आबांनी लिहिलंय ते छापा. माझ्या वह्या परत पाठवा, त्यातलं कुठं काही छापू नका, मला लाज वाटते. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक मी करीन. पुस्तकाच्या वेळी पुढं बसायला मला बोलवू नका. मीठ मात्र या वेळी चाखून घालीन.

शिवकन्या

---

जालना
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकन्या,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा सर वाचत होते. मी त्यांना म्हणाले, आज मागं जाऊ, पहिल्यापासून पुन्हा वाचा. ते वाचत गेले आणि मी तुझ्या वहीतल्या ओळींवर बोट ठेवत गेले. बहात्तरचा दुष्काळ शब्दाला शब्द. सुकडी वाटताना झालेली चेंगराचेंगरी शब्दाला शब्द. रझाकारांच्या भीतीनं आजीनं दागिने कणगीत लपवले ते शब्दाला शब्द. एक तिथी चुकलेली नाही. फक्त तू आणि मी, दोघीच बदललेल्या. तू खोटं लिहिलं नाहीस. तसं मी बद्रीनाथकाकांनाही फोन करून सांगितलं, कारण त्यांच्याजवळ मी भलतंसलतं बोलून बसले होते.

मी जिंकले म्हणतेस. मलाही चार दिवस तसंच वाटलं. शेजारणींना बोलावून दहावीचं पान वाचून दाखवलं. मग पाचव्या दिवशी तुझं पत्र पुन्हा हातात घेतलं आणि त्यातल्या भिंगापाशी अडकले.

शिवकन्या, माझ्यासाठी आबांनी जन्मात एक शब्द बदलला नाही. गणितात नंबर गेला, तोंडावर म्हणाले, "घमेंड नडली." सासरी निघताना मी रडले, तर म्हणाले, "रडू नको, रडायचं काही न्हाई." यजमान गेल्यावर मी विचारलं, आबा, माझं कसं होणार? त्यांनी सांगितलं, "कठीण होणार." खरं बोलणं हीच त्यांची माया, असं मी मनाला समजावत आले. त्यांना दुसरं येतच नाही, असं धरून चालले. आणि आता कळतं की येत होतं! रोज दुपारी, भिंगावरून तोंडाकडे बघून, समोरच्या माणसाला काय बरं वाटेल ते शोधून बोलायला येत होतं. ते त्यांनी तुझ्यासाठी केलं. "कठीण होणार"च्या जागी मला एकदा "होईल नीट" म्हणाले असते तर त्यांचं काय गेलं असतं?

तेव्हा हेवा संपला असं समजू नकोस. आधी मला वाटत होतं तू माझं चोरलंस. आता कळलं की चोरलं नाहीस, तुला दिलं, आणि मला ते कधीच मिळालं नव्हतं. हे जास्त वाईट आहे. रोजनिशा सगळ्या माझ्या आणि तरी मी तुझ्या त्या शाळेच्या वह्या घेऊन बसते. "पाणी दे." "ती शेळी हाकल." सर वाचतात तेव्हा आबा काय लिहीत होते ते कळतं. तुझ्या वहीत ते ऐकू येतात. म्हणून परत पाठवल्या नाहीत अजून. हातून निघत नाहीत.

सोबत पुस्तकाचा छापखान्यातून आलेला कच्चा मसुदा आहे. बघून घे. सगळं आबांनी लिहिल्याप्रमाणे आहे, फक्त तुझं जिथं येतं तिथं मी तुझ्या वहीतलं घातलंय. मीठ काढलं. चव घातली. आईच्या आजारपणात "सूनबाईनं लेकीसारखं केलं" हे वाक्य माझ्या येण्याच्या वर घातलं. मुनीर सरांना आवडलं नाही. म्हणाले, हे लिहिलेलं नाहीये, बाई. मी म्हणाले, बोललेलं आहे. वंशावळीत सगळ्या सुनाही घेतल्यात, माहेरच्या गावांसकट.

मी उदार झाले असं मात्र म्हणू नकोस. आबांनी तुझ्यासाठी जे केलं, ते मलाही करून बघायचं होतं.

मसुद्यावर खुणा करून परत पाठव. महिनाअखेर छपाईला द्यायचं आहे.

तुझी,
दैवशाला

---

हसनाबाद
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

पाया पडते. मसुदा वाचला. ह्यांनीही वाचला. वंशावळीत केदारखेड्याचं नाव बघून मी दोनदा पान उलटून बघितलं. आजेसासूबाई साळूबाईंचं माहेर तुम्ही टेंभुर्णी लिहिलंय, ते बरोबर आहे, बद्रीनाथकाकांना विचारून घेतलं.

खुणा केल्या आहेत. माझी खूण जिथं जिथं आहे तिथलं वाक्य काढा आणि आबांनी लिहिलेलं घाला. मीठ घाला. आजारपणाच्या पानावर मी नव्हते, तिथून मला काढा. "बागेला पाणी दिलं" एवढंच ठेवा. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे पाणी कुणी दिलं.

तुम्ही रागानं केलं असतं तर मला समजलं असतं. तुम्ही मायेनं केलंत म्हणून खुणा करायला दोन दिवस गेले. आता सांगते. तुम्हाला माझ्या वह्यांचा हेवा वाटतो. मला तुमच्या घमेंडीचा वाटतो. तुमचा नंबर गेला, आबांनी तोंडावर सांगितलं, दोन दिवस बोलले नाहीत, आणि ते लिहूनही ठेवलं. माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तर घरातलं एक माणूस बोललं नाही. सगळे मुकाट्याने जेवून उठले. इतकी वर्षं मला वाटत होतं, चांगली झाली होती भाजी. तुम्ही केली असती, तर आबांनी ताट सरकवलं असतं आणि म्हणाले असते, "काय खारट करून ठेवलं पोरी."

तुमचे यजमान गेले तेव्हा ते "कठीण होणार" म्हणाले, ते तुम्हाला लागलं. मला त्यांनी असं कधीच काही सांगितलं नाही. मी विचारायला गेले की म्हणायचे, "होईल सूनबाई, होईल." गोड होतं. पण दाराबाहेरच्या माणसाला सांगतात तसं होतं.

तेव्हा वह्या तुम्ही ठेवा. आठही. मी रागानं म्हणत नाही. त्यातलं मला आता ऐकू येत नाही, तुम्हाला येतं. शेळीचं त्यातून खोडू नका, कुणी हसलं तर हसू दे. फक्त छापायच्या नाहीत, तुमच्यापाशी ठेवायच्या.

पण पुस्तकात माझं खरं पाहिजे. आबांनी स्वतःच्या हातानं माझ्याबद्दल लिहिलेली ती एकच ओळ आहे, ती तुम्ही काढू नका. गोड पाहुण्यांशी बोलतात, आक्का. मी या घरात पाहुणी नव्हते.

तुमची,
शिवकन्या